मिसरीची डबी आणि गोळ्यांची पिशवी : ग्रामीण रुग्णालयातील गरोदर मातांच्या तपासणीचा अनुभव

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचा तालुका आहे आणि तालुक्याच्या गावी शासनाचे ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून देशभर हीच तारीख ठरलेली आहे. गेल्या वर्षी माझ्या भाचीला तिसरा महिना असताना मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले आणि पुढे आणखी दोन वेळा गेले. रक्त, लघवी, वजन, रक्तदाब या तपासण्यांबद्दल येथे फारसे लिहिणार नाही, कारण त्या जशा व्हायला हव्यात तशा होतात. लिहायचे आहे ते त्या दिवशी एका आडोशाच्या खोलीत चालणाऱ्या समुपदेशनाबद्दल. तंबाखू, दारू आणि आपल्या मनाने घेतलेल्या गोळ्या यांनी पोटातल्या बाळाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे तेथे ज्या पद्धतीने विचारले आणि सांगितले जाते, तसे मी दुसरीकडे कोठेही पाहिलेले नाही.

दुसरीकडे म्हणजे कोठे, हेही सांगायला हवे. याच्या आधी आम्ही शहरातल्या एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. बसायला गाद्यांच्या खुर्च्या होत्या, नंबर लवकर लागला, सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी 'सगळे नॉर्मल आहे' असे सांगून गोळ्या लिहून दिल्या. तेव्हा भाचीच्या कमरेला मिसरीची डबी होती आणि तिच्या पिशवीत कंबरदुखीच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप होती. त्या दवाखान्यात डॉक्टरांनी, नर्सने किंवा औषधे देणाऱ्या मुलाने, कोणीही तिला एका शब्दाने काही विचारले नाही. आम्ही समाधानाने घरी आलो, याचे मला आज वाईट वाटते. तिसऱ्या महिन्यातल्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके दिसतात, त्याची लांबी मोजता येते. परंतु आईच्या रक्तातून बाळाच्या मेंदूपर्यंत काय पोचते आहे, हे त्या पडद्यावर दिसत नाही. 'नॉर्मल' या एका शब्दावर आपण केवढा भार टाकतो, हे मला पुढे त्या खोलीत कळले.

ग्रामीण रुग्णालयात पहिल्या दिवशी केसपेपरच्या रांगेतच पाऊण तास गेला. पंखा एकच होता आणि बाका कमी होत्या. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. वजन-उंची झाल्यावर सिस्टरने भाचीला खोलीत बोलावले, मीही मागोमाग निघाले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही दहा मिनिटं भाईर थांबा. सगळ्यांच्याच घरच्यांना मी थांबवते." प्रथम मला ते आवडले नाही, कारण भाचीला सांभाळून आणणारी मीच होते. पण त्यांनी खरोखरच प्रत्येकीच्या सासूला, आईला, जावेला याच शब्दांत बाहेर थांबवले, आणि म्हणून त्यात कोणाचा अपमान वाटण्यासारखे काही राहिले नाही. बाहेर आल्यावर भाचीने मला जे सांगितले ते तिच्याच शब्दांत देते : "मावशी, त्यांनी मिसरी लावतीस का आसं इचारलंच नाही. दिवसातून किती टायमाला लावतीस, आसं इचारलं. मग खोटं कशाला बोलू? चार टायमाला, म्हणलं. कामावर आसलं की सहा-सात बी होतेत."

एवढ्या एका प्रश्नात या सेवेची सारी किंमत सामावलेली आहे, असे माझे मत आहे. 'लावतेस का' या प्रश्नाला आमच्याकडची सून मान खाली घालून 'नाही' म्हणते, कारण त्या प्रश्नातच आरोप असतो. 'किती वेळा' या प्रश्नात आरोप नसतो, फक्त मोजणी असते. दुसरे असे की, पुष्कळ बायकांच्या लेखी मिसरी हा तंबाखूच नव्हे, तो दात घासण्याचा प्रकार आहे. तंबाखू खाता का, असे विचारले तर त्या प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतील आणि संध्याकाळी तव्यावर तंबाखूची पाने काळी होईपर्यंत भाजून कुटायला बसतील. सिस्टरने मिसरी, तंबाखू-चुना, गुटखा, बिडी अशी एकेक वस्तू नावाने विचारली, नवरा घरात बिडी ओढतो का हे विचारले, आणि दारू, शिंदी, गांजा, झोपेच्या गोळ्या हेही त्याच सुरात, त्याच कागदावर विचारले.

नंतर मला आत घेतले आणि भाचीसमोरच समजावून सांगितले. निकोटीन रक्तवाहिन्या आवळते, आणि बाळाला अन्न व प्राणवायू पुरवणाऱ्या वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही त्यातून सुटत नाहीत, हे सांगताना सिस्टरने ठिबक सिंचनाचे उदाहरण दिले. नळीत क्षार साचले की मोटार चालू असते, पाणी सुटलेले असते, तरी ओळीतल्या शेवटच्या झाडाला ते पोचत नाही आणि ते झाड खुरटे राहते. तसेच आईने दोन भाकरी जास्त खाल्ल्या तरी वारेपर्यंत रक्तच कमी गेले तर बाळ अंगाने लहान राहते. डोंगरपट्ट्यात मोसंबी, डाळिंबे, कापूस ठिबकवर काढणाऱ्या घरातल्या बाईला याहून अधिक काही सांगावे लागत नाही. मी घरी येऊन या विषयावर वाचले, तेव्हा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला मुंबईतल्या गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास सापडला : मिसरीसारखा धूर नसलेला तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या बाळाचे वजन मुळातच अडीच किलोच्या रेषेवर आहे, त्याला हे शंभर ग्रॅम कमी वजनाच्या बाळांत ढकलतात.

दुसऱ्या भेटीच्या वेळी आम्हांला घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी आणायला सांगितले होते. ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. औषधांच्या चिठ्ठ्या नव्हेत, पिशवी. भाचीच्या पिशवीतून टेबलावर जे निघाले ते असे : लोहाच्या लाल गोळ्या, न उघडलेल्या, कॅल्शियम, किराणा दुकानातून सुट्या घेतलेल्या डोकेदुखीच्या चार गोळ्या, डायक्लोफिनॅकची अर्धी स्ट्रिप, जी मागच्या ऊसतोडीच्या हंगामात फडावर कोणीतरी दिली होती, खोकल्याच्या पातळ औषधाची तळाला थोडे उरलेली बाटली, आणि सासूबाईंनी शक्तीसाठी दिलेली दशमूलारिष्टाची बाटली. वैद्यकीय अधिकारी मॅडमनी प्रत्येक वस्तू हातात घेतली, त्यावरचे बारीक अक्षर वाचले आणि टेबलाच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन ढीग केले. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये, कारण कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही, हे आम्हांला प्रथमच कळले. डायक्लोफिनॅकवर त्या सर्वांत जास्त वेळ बोलल्या. विसाव्या आठवड्यानंतर अशा वेदनाशामक गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडाचे काम मंदावतात. पाचव्या महिन्यानंतर गर्भजल हे मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असल्याने ते कमी होते. आणि शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची जी रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहायला हवी, ती या गोळ्यांमुळे आधीच आकसू शकते. दुखणे सहनच होत नसेल तर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेत आणि विचारून, असे त्यांनी कार्डावर लिहून दिले.

त्याच दिवशी बाहेरच्या ओट्यावर पंधरा-वीस जणींना एकत्र बसवून दारूविषयी माहिती दिली. विषय काढताच बायका एकमेकींकडे पाहून म्हणाल्या, "आमच्यात कोणी पेत नाही, मॅडम." मॅडमनी ते खोडून काढले नाही. त्यांनी घरांत दारू कोणकोणत्या नावाने येते, ते एकेक विचारायला सुरुवात केली. थंडीत सर्दी झाली की दोन चमचे ब्रँडी कोणाकडे देतात? चार हात वर झाले. बाळंतिणीला अंग भरून यावे म्हणून? आणखी तीन. उन्हाळ्यात शिंदी थंड असते म्हणून कोण पाजते? देगलूरकडून आमच्या तालुक्यात दिलेली एक मुलगी हळूच म्हणाली की तिच्या माहेरी ती पाण्यासारखीच पितात. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांतही आपोआप तयार झालेले मद्यार्क असते आणि बाटलीवर ते लिहिलेलेही असते, हे ऐकून माझ्याही मनात आमच्या घरचे कपाट आले. चमचाभर अरिष्ट आणि क्वार्टर यांना त्यांनी एका तराजूत तोलले नाही, आणि हे मला महत्त्वाचे वाटते, कारण घाबरवलेली बाई पुढच्या महिन्यात येत नाही. त्या एवढेच म्हणाल्या की, गरोदरपणात दारूचे अमुक इतके प्रमाण सुरक्षित आहे असे आजवर कोणालाही दाखवता आलेले नाही आणि अमुक महिना सुरक्षित आहे असेही नाही. म्हणून दिवस राहिलेल्या बाईने यांतले काहीही आपल्या मनाने घेऊ नये, आणि अरिष्ट घ्यायचेच असेल तर दिवस राहिल्याचे सांगून वैद्यांना विचारावे.

याची कारणे त्यांनी नीट उलगडून सांगितली. दारूचा कण इतका लहान असतो की वार त्याला अडवू शकत नाही; आईच्या रक्तात दारू जेवढी चढते, जवळजवळ तेवढीच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात चढते. आईचे यकृत ती मोडून काढते, बाळाचे यकृत मात्र त्या कामाला अजून तयार झालेले नसते. शिवाय ती गर्भजलात उतरते आणि बाळ तेच पाणी गिळत राहते, त्यामुळे आईची उतरली तरी बाळाची लवकर उतरत नाही. या काळात मेंदूच्या पेशी जागा घेत असतात, आणि दारू नेमका तोच क्रम बिघडवते. बाळाची उंची आणि वजन मागे पडते, डोक्याचा घेर लहान राहतो, हृदयात आणि मूत्रपिंडात दोष राहू शकतात, आणि शाळेत गेल्यावर लक्ष, स्मरण, हिशेब व स्वतःला आवरणे यांत अडचण येते. फ्रान्समधील नांत येथे पॉल लेमोईन या डॉक्टरांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या पालकांच्या १२७ मुलांची हकीकत लिहिली, तेव्हा तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. १९७३ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी याच लक्षणांना 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले आणि मग जग जागे झाले. हा इतिहास मी नंतर वाचला.

मी एकोणीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. काल पाठ झालेला पाढा आज कोऱ्या पाटीसारखा विसरणारी, एका जागी पाच मिनिटे न बसू शकणारी मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांच्यापैकी कोणाला कशामुळे असे होते हे ठरवण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते ठरवणारही नाही. परंतु त्या मुलांना आळशी म्हणताना त्यानंतर माझी जीभ अडखळते. येथेच या समुपदेशनातली एक उणीव सांगते. भिंतीवरच्या तक्त्यावर अरुंद डोळे, पातळ वरचा ओठ आणि नाकाखालची सपाट झालेली पन्हळ असा चेहरा काढलेला आहे आणि बोलण्याचा रोख त्या चित्रावरच राहिला. प्रत्यक्षात दारूचा परिणाम झालेल्या बहुतेक मुलांचा चेहरा चारचौघांसारखाच असतो. त्यांचे नुकसान आत असते. तक्ता पाहून एखादी आई 'माझ्या लेकराचं तोंड तर बरोबर हाय' असे म्हणून निर्धास्त व्हायची.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांविषयीही काही मिनिटे मिळाली, पण आणखी हवी होती. फिट येणाऱ्या बाईला दिली जाणारी व्हॅल्प्रोएट ही गोळी बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष निर्माण करू शकते आणि त्याच्या बुद्धीवरही परिणाम करू शकते; तरीही ती आपल्या मनाने एका दिवसात बंद केली तर आईला जोरात फिट येऊन दोघांच्याही जिवावर बेतू शकते, म्हणून गोळी बदलण्याचा निर्णय दिवस राहण्याआधीच डॉक्टरांबरोबर घ्यायचा असतो. रोज दारू पिणाऱ्या बाईनेही ती एकाएकी न थांबवता आधी दवाखान्यात सांगावे, कारण एकदम सोडल्याचा त्रासही धोक्याचा असतो. अफूच्या जातीतल्या औषधांची आईला सवय असेल तर जन्मलेले बाळ थरथरते, कर्कश रडते आणि अंगावर पीत नाही, हेही सांगितले. थॅलिडोमाइडचे नाव निघाले असते तर बरे झाले असते. १९५७ मध्ये जर्मनीत बाजारात आलेले आणि गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिले गेलेले हे औषध १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक बालके आखूड किंवा अर्धवट हातापायांची जन्मली होती. 'साधीच तर गोळी आहे' या समजुतीला याहून मोठे उत्तर नाही.

आता ज्या गोष्टी मला खटकल्या त्या. खोलीला दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याला कान असतात. पलीकडच्या बाकावरच्या सासवांना आतले अर्धे ऐकू येते. पुरुषांना कोणी बसवून घेत नाही. आमचे जावई तिन्ही वेळा बाहेर चहाच्या टपरीवर होते, बिडी ओढत होते, आणि घरातला धूर बाळापर्यंत पोचतो हे त्यांना सांगणारे तेथे कोणी नव्हते. त्याहून मोठी तक्रार वेळेची आहे. बाळाचे हृदय, हातपाय, डोळे यांची मांडणी तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात होते, पाठीच्या कण्याची नळी तर गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. आणि आमच्याकडे नाव नोंदवायला बाई येते तीच मुळी तिसऱ्या महिन्यात. म्हणजे फॉलिक ॲसिडची गोळी आणि मिसरीचा प्रश्न हे दोन्ही उशिरा पोचतात. आशाताईंकडे नव्याने लग्न झालेल्या मुलींची यादी असते. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच हीच प्रश्नावली त्यांच्या हाती का देऊ नये?

शिवाय आमचा तालुका ऊसतोड कामगारांचा आहे, याचा या सेवेत पुरेसा विचार दिसत नाही. मुकादमाची उचल घेतलेली जोडी दिवाळीला निघते ती उन्हाळ्यातच परतते. भाची पाचव्या महिन्यात सांगलीकडे कोयत्यावर गेली. पहाटे चारला उठून फडावर जाणारी, डोक्यावर मोळी वाहणारी आणि एक दिवस बसली तर खाडा भरावा लागणारी बाई कंबर दुखल्यावर काय करील? मुकादमाच्या खिशातली गोळी घेईल आणि थकवा व भूक मारायला मिसरी लावील. सिस्टरने पंधरा दिवसांनी फोन करू असे सांगितले होते. एकदा केला, नंतर फोन लागला नाही आणि तो धागा तेथेच तुटला. भाचीजवळ जे उरले ते मॅडमनी माता बाल संरक्षण कार्डाच्या मागे हाताने लिहून दिलेले पाच ओळींचे टिपण : या गोळ्या घेऊ नको, ही चालेल, इतकी चालेल. तिकडच्या आरोग्य केंद्रात तिने दोनदा ते कार्ड दाखवले आणि दोन्ही वेळा त्यामुळे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन टळले. छापील पत्रकापेक्षा त्या पाच ओळींनी अधिक काम केले.

फेब्रुवारीच्या ९ तारखेला, आठव्या महिन्यात, ती परत आली तेव्हा आम्ही तिसऱ्यांदा गेलो. मिसरी पूर्ण सुटली नव्हती. सातावरून एकावर आली होती, पहाटेची. तिने ते लपवले नाही आणि सिस्टरनेही तोंड वाकडे केले नाही. मेंदू शेवटच्या दिवसापर्यंत वाढत असतो, म्हणून आज सोडलीस तर आजपासूनचा फायदा बाळाचा, एवढे बोलून त्यांनी पहाटेच्या त्या एका वेळेला लवंग किंवा बडीशेप तोंडात ठेवायला सांगितली आणि १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत सरकारी क्रमांक लिहून दिला. मार्चअखेर तिला मुलगी झाली. वजन दोन किलो सहाशे पन्नास ग्रॅम भरले. एका बाळाच्या वजनावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी साडेआठपर्यंत पोचावे, केसपेपरची खिडकी नऊला उघडते आणि अकरानंतर समुपदेशनाची खोली फार भरते. पिण्याचे पाणी घरून न्यावे. घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत, सासूबाईंनी दिलेलीसुद्धा. फडावर जाणार असाल तर तसे आधी सांगावे आणि कार्डाच्या मागे यादी लिहून घेतल्याशिवाय उठू नये. नवऱ्याला टपरीवर सोडू नये. सिस्टरला स्वतःहून म्हणावे की यांनाही पाच मिनिटे सांगा, त्या सांगतात.